कट्टा नव्या जागी हलवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातील वाचनकट्ट्यासाठी तुम्ही गेल्या वर्षी मॅस्टोडॉनचा, म्हणजे ट्विटरसारख्या पण एका कंपनीच्या ताब्यात नसून अनेक स्वतंत्र सर्व्हरांवर चालणाऱ्या समाजमाध्यमाचा, एक छोटा मराठी सर्व्हर उभा केला, कट्ट्यावरच्या तीसेक जणांनी उत्साहाने खाती उघडली आणि दोन महिन्यांत तिथे तुम्ही व तुमचे एक संगणकप्रेमी मित्र असे दोघेच उरलात. विकेंद्रित समाजमाध्यमांचे महत्त्व सामान्य माणसाला कसे पटवून द्यावे, म्हणजे ही मंडळी परत येतील, असे तुम्ही विचारले आहे. मी ऐरोलीत राहतो आणि काही वर्षांपासून पक्षीनिरीक्षकांच्या एका गटासाठी असाच एक सर्व्हर सांभाळतो आहे. त्या अनुभवावरून सांगायचे तर पटवून देण्याचा नाद आधी सोडून द्यावा. ज्यांना हे पटण्यासारखे होते ते केव्हाच आले आहेत. बाकीच्यांना यायला आपली माणसे आणि आपले एखादे काम लागते, आणि ही दोन्ही एकाच जागी सापडावी लागतात.

मी ज्या शहरात राहतो त्या नवी मुंबईचाच दाखला देतो. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिआ व प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी मुंबईच्या खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना १९६५ मध्ये मांडली, १९७० मध्ये ते उभारण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल वाहतुकीला खुला झाला. आराखडा विचारपूर्वक केलेला होता. प्रत्येक नोडला, म्हणजे वाशी-बेलापूरसारख्या उपनगरीला, स्वतःची बाजारपेठ, शाळा आणि मैदाने असावीत आणि सगळे नोड एकमेकांना रेल्वेने व रस्त्याने जोडलेले असावेत, अशी ती योजना होती. मुंबईवरचा ताण कमी व्हायला हवा हे तर सगळ्यांनाच मान्य होते. तरीही ते मान्य आहे म्हणून कोणी दादरची खोली सोडून वाशीला आले नाही. सरकारची मुख्य कार्यालये इकडे हलली नाहीत, तिकडे नरिमन पॉइंटला इमारती उभ्या राहतच होत्या, आणि नवे शहर बरीच वर्षे रिकाम्या सेक्टरांचे राहिले. माझे वडील ऐंशीच्या दशकात वाशीला आले ते आधी आमचे मामा तिथे राहायला गेले होते म्हणून. घाऊक बाजार इकडे हलले तेव्हा त्यांच्यामागोमाग व्यापारी, हमाल आणि हिशेबनीस आले, आणि १९९२ मध्ये लोकल वाशीपर्यंत पोहोचल्यावर चित्र खऱ्या अर्थाने पालटले. वडिलांना तुम्ही कोणता नोड का निवडला असे कोणी विचारले असते, तर प्रश्नच त्यांच्या ध्यानात आला नसता.

मॅस्टोडॉनची रचनाही नोडांसारखीच आहे. प्रत्येक सर्व्हरचा चालक वेगळा, नियम वेगळे, पण अॅक्टिव्हिटीपब या समान नियमावलीमुळे एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्यावरच्याला फॉलो करू शकतो. ही नियमावली वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये मान्य केली. हे सारे समजावून सांगण्याचा मोह आपल्यासारख्यांना आवरत नाही. मीही सुरुवातीला आकृत्या काढलेले एक पत्रक छापले होते आणि बेलापूरच्या एका बैठकीत अर्धा तास त्यावर बोललो होतो. सर्वांनी माना डोलावल्या, चहा घेतला, आणि त्या आठवड्यात एकही खाते उघडले गेले नाही. आज आमच्या सर्व्हरवर नियमाने लिहिणाऱ्यांपैकी निम्म्यांना सर्व्हर म्हणजे काय हे सांगता येणार नाही, आणि त्याचे मला काहीही वाईट वाटत नाही.

रागाच्या लाटेवर येणारी गर्दी टिकत नाही, हेही लक्षात ठेवावे. नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते निलंबित झाल्यावर असंख्य भारतीय मॅस्टोडॉनवर आले होते. काही आठवड्यांत तो ओघ ओसरला. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतल्यानंतर मॅस्टोडॉनचे महिन्याला सक्रिय असणारे वापरकर्ते सुमारे ३ लाखांवरून २५ लाखांवर गेले, असे खुद्द त्याचे निर्माते ऑयगेन रोख्को यांनी तेव्हा लिहिले होते, आणि पुढे ती संख्या निम्म्याहूनही खाली आली. राग माणसाला दारापर्यंत आणतो. आत पाऊल टाकल्यावर ओळखीचा एकही चेहरा दिसला नाही, तर तो चपला न काढताच मागे फिरतो.

तुमच्या तीस जणांचे नेमके काय झाले असेल याचा मला अंदाज आहे, कारण आमच्याकडेही पहिल्या वर्षी तेच झाले. छोटा, नवा सर्व्हर आतून रिकामा दिसतो आणि त्याला तांत्रिक कारण आहे. तुमच्या सर्व्हरवर बाहेरच्या जगातील त्याच पोस्ट येतात, ज्यांच्या लेखकांना तुमच्याकडचे कोणीतरी फॉलो करते. बाहेरच्या एखाद्या लेखकाचे पान प्रथमच उघडले, तर त्याच्या जुन्या पोस्ट सहसा दिसत नाहीत. दहा वर्षे लिहिणारा माणूसही तिथे कोरा दिसतो. शोधाचेही तसेच. एलास्टिकसर्च ही वेगळी सोय बसवलेली नसेल, तर मॅस्टोडॉनवर मजकुरातला शब्द शोधता येत नाही, फक्त खाती आणि हॅशटॅग सापडतात. म्हणजे तुमच्या सभासदाने 'कादंबरी' असे शोधले, काहीच आले नाही, आणि इथे मराठीत काही नाहीच असा निष्कर्ष त्याने काढला. दोष त्याचा नाही. त्याला जे दिसले त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष बरोबरच होता.

यावर उपाय पाहुणे येण्याआधी करायचा असतो. तुम्ही आणि तुमचे मित्र, दोघांनी मिळून निदान शंभर-दीडशे चांगली खाती आधीच फॉलो करून ठेवावीत, शक्य असेल तर एखाद्या रिलेला, म्हणजे अनेक सर्व्हरांच्या सार्वजनिक पोस्ट एकमेकांकडे पोहोचवणाऱ्या सेवेला, सर्व्हर जोडावा, आणि आपल्या कट्ट्याचे चार-पाच हॅशटॅग ठरवून त्यांखाली महिनाभर रोज काहीतरी लिहीत राहावे. हॅशटॅगचे शुद्धलेखन एकच असावे, नाहीतर निम्मे लोक 'पुस्तकपरिचय' लिहितात, निम्मे 'पुस्तक_परिचय', आणि दोन्ही ढीग अर्धवट राहतात. नव्या सभासदांना आपोआप सुचवली जाणारी खाती प्रशासकाला ठरवता येतात, ती अवश्य ठरवावीत. आमंत्रणाचा दुवा तयार करताना, त्या दुव्यावरून येणाऱ्याने आमंत्रण देणाऱ्याला आपोआप फॉलो करावे, अशी खूण करण्याची सोय आहे. ती बहुतेक जण पाहतही नाहीत. मी ती वापरू लागल्यापासून, पहिल्याच दिवशी टाइमलाइन रिकामी दिसली म्हणून परत गेलेला माणूस मला आठवत नाही.

खाते उघडण्याची पायरी आपल्याकडे निराळ्या कारणाने अवघड जाते. मोबाइल नंबर टाकला, ओटीपी आला, काम झाले, या सवयीच्या माणसाला मॅस्टोडॉन ईमेल पत्ता विचारते. ईमेल सगळ्यांकडे असते, पण ते बहुधा मुलाने फोन घेताना उघडून दिलेले, ज्याचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नसतो. त्यातून पुष्टीचे पत्र स्पॅममध्ये जाऊन पडते. शिवाय वापरकर्तानाव रोमन अक्षरांतच लागते, देवनागरी फक्त दर्शनी नावाला चालते, आणि हे कोणी आधी सांगत नाही. माझ्या मते यावर लेखी सूचनांचा उपयोग नसतो. शेजारी बसून, त्या माणसाच्याच फोनवर, दहा मिनिटांत खाते उघडून द्यावे. कट्ट्याच्या बैठकीतले चहानंतरचे अर्धे तास त्यासाठी पुरतात. एकदा आमच्या गटातल्या एका काकूंनी खाते उघडल्या उघडल्या विचारले होते, "मग आता यात बघायचं काय?" तो प्रश्न मी तेव्हापासून प्रत्येक बदलाला लावून पाहतो.

कोणता सर्व्हर, हा प्रश्न नवख्याला विचारूच नये. मॅस्टोडॉनच्या अधिकृत ॲपनेही २०२३ मध्ये सर्व्हरची यादी मागे टाकून थेट मॅस्टोडॉन.सोशल या मॅस्टोडॉनच्या स्वतःच्या सर्व्हरवर खाते उघडण्याचा पर्याय पुढे आणला. त्यावर जुन्या मंडळींनी विकेंद्रीकरणाशी ही प्रतारणा आहे म्हणून बरीच ओरड केली. मला तो निर्णय योग्य वाटला. सर्व्हर पुढे बदलता येतो; खाते हलवताना फॉलोअर सोबत येतात, जुन्या पोस्ट मात्र येत नाहीत. ही शेवटची अट लोकांना आधी सांगावी, कारण ती नंतर कळली की फसवल्यासारखे वाटते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, म्हणजे कामाकडे. आमचा गट ठाणे खाडीवरील पक्ष्यांच्या नोंदी ठेवतो. या खाडीच्या एका भागाला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. हिवाळ्यात रोहित पक्षी उतरू लागले की दर रविवारी कोणी ऐरोलीच्या बाजूने, कोणी वाशीच्या, कोणी भांडुपच्या पंपिंग स्टेशनकडून जे दिसले ते कळवतो. पूर्वी हे सगळे व्हॉट्सअॅप ग्रुपवर येई आणि सोमवारी सुप्रभातच्या फुलांखाली गाडले जाई. 'मागच्या जानेवारीत पहिला मोठा थवा कुठे दिसला होता?' असे एकदा कोणीतरी विचारले, आणि साठ जणांच्या ग्रुपमध्ये उत्तर कोणालाच शोधता आले नाही. त्या आठवड्यापासून आम्ही नोंदी आमच्या सर्व्हरवर एकाच हॅशटॅगखाली टाकू लागलो आणि व्हॉट्सअॅपवर फक्त त्या पानाचा दुवा देऊ लागलो. पान वाचायला खाते लागत नाही. आधी लोक नुसते पाहून जात. मग एकाला दुसऱ्याची नोंद दुरुस्त करायची होती, म्हणून त्याने खाते उघडले. पक्षीनिरीक्षकांना दुसऱ्याने पक्ष्याची ओळख चुकवलेली खपत नाही, हा स्वभाव आमच्या फार कामी आला.

यातून दोन गोष्टी मी शिकलो. आपला खरा प्रतिस्पर्धी एक्स (पूर्वीचे ट्विटर) किंवा फेसबुक नाही, व्हॉट्सअॅप आहे. सोसायटीचा, शाळेच्या बॅचचा, नातेवाइकांचा ग्रुप तिथेच भरतो आणि तो मोडण्याचा प्रयत्न करणे व्यर्थ आहे. पण व्हॉट्सअॅपला जे साधत नाही ते दाखवता येते. तिथल्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा मोबाइल नंबर सर्वांना दिसतो, आणि आमच्या गटातील कित्येक स्त्रिया सर्व्हरवर आल्या त्या एवढ्या एकाच कारणाने. दुसरी गोष्ट अशी, की सामान्य माणूस आधी वाचक म्हणून येतो. त्याच्याकडून पहिल्या दिवशी लेखनाची अपेक्षा धरू नये. मॅस्टोडॉनवरील प्रत्येक सार्वजनिक खात्याला आरएसएस फीड, म्हणजे खाते न उघडता नव्या पोस्ट वाचण्याची सोय, असते, पान थेट ब्राउझरमध्ये उघडते. ही दारे उघडी ठेवावीत आणि किती जणांनी खाती उघडली हे मोजत बसू नये.

वाचनकट्ट्यासाठी असे काम शोधणे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले जमेल, तरी एक सुचवतो. कोणाकडे कोणते पुस्तक आहे आणि ते सध्या कोणाकडे वाचायला गेले आहे, ही यादी प्रत्येक कट्ट्याची डोकेदुखी असते. ती देवघेव एका हॅशटॅगखाली आणली, तर माणसे आठवड्यातून एकदा तरी डोकावतील. पुस्तकांपुरतेच पाहायचे असेल तर बुकवर्म हा प्रकल्प याच अॅक्टिव्हिटीपबवर चालतो; तिथे लिहिलेली परीक्षणे मॅस्टोडॉनवरूनही फॉलो करता येतात. तुमच्या कट्ट्याला कदाचित तोच अधिक शोभला असता, असे मला वाटते. मात्र आहे ते मोडून पुन्हा नवे उभारण्याइतका दम तीस माणसांच्या गटात नसतो, तेव्हा तूर्त आहे तिथेच राहावे.

आणि एकेका व्यक्तीला बोलावू नये. दहा ओळखीची माणसे एकाच आठवड्यात आली तर ती टिकतात. तीच दहा माणसे वर्षभरात एकेक करून आली तर प्रत्येक जण रिकामी खोली पाहून जातो. तलावपाळीला लोक मासुंदा तलाव पाहायला जातात असे आपण म्हणतो, पण संध्याकाळी तिथे कोणीच नसेल अशी खात्री असती तर किती जण गेले असते? ब्लूस्काय या ट्विटरसारख्याच दुसऱ्या समाजमाध्यमाने हे ओळखले. जून २०२४ मध्ये त्यांनी स्टार्टर पॅक आणले, म्हणजे एकाच दुव्यावर दीडशेपर्यंत खात्यांची तयार यादी, जी नव्या माणसाने एका टिचकीत फॉलो करावी. त्याच नोव्हेंबरमध्ये, अमेरिकेतील निवडणुकीनंतर, ब्लूस्कायने २ कोटी वापरकर्त्यांचा टप्पा ओलांडला. लाट आली ती राजकारणामुळे, पण आलेल्यांना पहिल्या पाच मिनिटांत माणसे भेटली ती या याद्यांमुळे, असे माझे मत आहे.

मग सरळ ब्लूस्कायवरच का जाऊ नये, असे तुम्ही विचाराल. एकट्यादुकट्या माणसाने मला विचारले तर मी त्याला तेच सुचवतो. ते ट्विटरसारखे दिसते आणि सर्व्हरचा प्रश्न समोर येत नाही. पण तिथली बहुसंख्य खाती आज एकाच कंपनीच्या यंत्रांवर आहेत, आणि विकेंद्रीकरण कागदावर जितके आहे तितके वहिवाटीत नाही. गटासाठी मला मॅस्टोडॉन बरे वाटते, कारण नियम गटाच्या हातात राहतात. इन्स्टाग्रामच्याच मेटा कंपनीच्या थ्रेड्सचे निराळेच आहे. जुलै २०२३ मध्ये ते सुरू झाले आणि पाच दिवसांत १० कोटी लोक आले, कारण इन्स्टाग्रामचे खाते आणि तिथली माणसे तयारच होती. मार्च २०२४ पासून काही देशांत त्याने अॅक्टिव्हिटीपबची जोडणीही देऊ केली. विकेंद्रित व्यवस्थेला स्पर्श करणारा सर्वांत मोठा समूह अशा रीतीने, विकेंद्रीकरण हा शब्द न ऐकताच आला.

नव्या माणसाशी जुन्यांनी कसे वागावे, यावर मी जरा आग्रहाने बोलतो. मॅस्टोडॉनवर चित्राला वर्णन जोडावे, संवेदनशील मजकुरावर इशारा लावावा, असे चांगले संकेत आहेत. २०२२ मध्ये आलेल्या अनेकांना मात्र पहिल्याच पोस्टखाली या संकेतांवरून उपदेश ऐकावा लागला. नव्या भाडेकरूने सामान उतरवायच्या आत सोसायटीच्या सचिवांनी कचऱ्याच्या वेळापत्रकावर बोलायला सुरुवात करावी, तसा तो प्रकार होता. आम्ही आमच्याकडे असा पायंडा पाडला की पहिला महिना कोणीही कोणाला दुरुस्त करायचे नाही. पक्ष्याचे नाव चुकले असेल तर तेवढे सांगावे. संकेत माणूस पाहून पाहून उचलतो.

याचा अर्थ देखरेख ढिली ठेवावी असा नाही. निवडणुकीच्या दिवसांत आमच्याकडे दोघांची जुंपली, मी तीन दिवस 'आपलीच माणसे आहेत' म्हणून गप्प बसलो आणि तेवढ्यात नियमाने लिहिणाऱ्या दोन बाई कायमच्या निघून गेल्या. तेव्हापासून पाच ओळींचे नियम, तक्रार पाहणारी दोन माणसे आणि चोवीस तासांत उत्तर, एवढे आम्ही पाळतो. भारतातील माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ प्रमाणे मध्यस्थाने, म्हणजे इतरांचा मजकूर आपल्याकडे ठेवणाऱ्या सेवेने, तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क प्रसिद्ध करायचा असतो, आणि तक्रारीची पोच चोवीस तासांत द्यायची असते. सर्व्हर छोटा आहे म्हणून हे विसरू नये. अतिरिक्त बंधने ५० लाख नोंदणीकृत वापरकर्त्यांच्या पुढे लागतात, त्यांची काळजी तुम्हाला आणि मला नाही. एखादा बाहेरचा सर्व्हर संपूर्ण बंद करायचा असेल तर आधी सभासदांना सांगावे, कारण त्यांचे तिकडचे मित्र एका रात्रीत नाहीसे होतात आणि त्यांना कारण कळत नाही. खासगी संदेश टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध नसतात, प्रशासकाने ठरवले तर तो ते वाचू शकतो, हेही स्पष्ट सांगावे. आमच्याकडे ते साइन-अपच्या पानावरच लिहिले आहे आणि त्यामुळे कोणी परत गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

विकेंद्रीकरणाविषयी बोलायची वेळ येतेच, पण ती नंतर येते, एखादे दुकान बंद झाल्यावर. गूगलचे ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झाले, मराठीतही चालणारे, ट्विटरसारखे भारतीय समाजमाध्यम कू जुलै २०२४ मध्ये गुंडाळले गेले, आणि तिथे जमवलेला गोतावळा लोकांना सोबत नेता आला नाही. कूवर लिहिणारे आमचे एक सभासद त्या आठवड्यात मला म्हणाले, "मग आपलं इथलं बंद पडलं तर?" तो प्रश्न रास्त होता. विकेंद्रित सर्व्हरही बंद पडतात. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलासारख्या संस्थेने आपला मॅस्टोडॉन सर्व्हर डिसेंबर २०२४ मध्ये बंद केला. फरक एवढाच, की वेळेवर कळवले तर खाते आणि फॉलोअर दुसरीकडे हलवता येतात.

म्हणून परत बोलावण्याआधी तुमची स्वतःची तयारी पाहा. डोमेनचे नूतनीकरण आणि सर्व्हरचा पासवर्ड तुमच्याशिवाय आणखी एका माणसाकडे असू द्या. बाहेरच्या सर्व्हरवरील चित्रांच्या प्रती साठून डिस्क भरत जाते, त्या आठवड्याला आपोआप पुसल्या जातील अशी व्यवस्था करा, आणि डेटाबेसची प्रत रोज दुसऱ्या यंत्रावर जाऊ द्या. खर्च तुम्ही एकटे सोसत असाल तर तो वर्गणीत आणा. फुकट दिलेल्या जागेविषयी तक्रार करायला माणूस संकोचतो आणि मुकाट्याने निघून जातो. एवढे झाले की पुढच्या बैठकीच्या आठवड्यात दहा जणांना एकदम बोलवा, पुस्तकांची यादी आधीच टाकून ठेवा, आणि चहानंतर एकेकाचा फोन हातात घ्या.